नाकारलेला निबंध : अलौकिक थरारकथेतील संशोधक आणि त्याचे वैरी

अलौकिक थरारकथा ही भयकथेच्याच कुळातली असली, तरी तिची चाल वेगळी असते. भयकथेला अनिष्टाची नुसती चाहूल पुरते. थरारकथेत त्या अनिष्टाला दिशा लागते, मुदत लागते आणि ते कोणावर चालून जाणार हे आधी ठरलेले असावे लागते, त्यामुळे ‘हे नेमके काय आहे’ या प्रश्नाइतकाच ‘आता किती दिवस उरले’ हा प्रश्नही वाचकाच्या मनात जागा राहतो. अशा कथेच्या केंद्रस्थानी वैज्ञानिक किंवा संशोधक आला की तिला आणखी एक पेच मिळतो, कारण पुराव्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही ही ज्याची जन्मभराची शिस्त, त्यालाच आपल्या जिवावर बेतलेल्या गोष्टीचा पुरावा मुदतीच्या आत गोळा करायचा असतो, आणि तो हाती आलाच तर तो मान्य करण्याने आपली विद्वत्सभेतली पत जाईल ही धास्तीही त्याला असते. इंग्रजीत विसाव्या शतकाच्या आरंभी या कथेचा जो घाट पडला, तोच थोड्याफार फरकाने आजच्या कादंबऱ्या आणि चित्रपटही वापरत असल्यामुळे, या विषयाची ओळख करून देताना त्या मूळ नमुन्यापाशी जास्त वेळ थांबणे इष्ट ठरेल.

त्याआधी एक भेद नोंदवायला हवा. मेरी शेली यांच्या १८१८ मधील ‘फ्रँकेन्स्टाइन’पासून चालत आलेल्या परंपरेत संशोधन हाच अपराध असतो, प्रयोगातून जे जन्मले तेच निर्मात्याच्या मागे लागते, आणि कथेचा सारा रोख मर्यादा ओलांडणाऱ्याला मिळणाऱ्या शिक्षेकडे असतो. दुसऱ्या परंपरेतील संशोधकाने कोणतीही मर्यादा ओलांडलेली नसते. त्याने आपले काम चोख बजावलेले असते, आणि त्या कामाचा निष्कर्ष कोणाला तरी झोंबलेला असतो. हा झोंबलेला माणूस हाडामांसाचा असतो, मानापमानाच्या बाबतीत विलक्षण हळवा असतो, आणि ज्या शक्तींची नोंद कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही अशा शक्ती त्याला वश असतात. त्याला ज्ञानाचा द्वेष नसतो. उलट विद्वानांच्या पंक्तीत आपल्यालाही पान मांडले जावे यासाठी तो आसुसलेला असतो, आणि ते मांडले गेले नाही म्हणून जिवावर उठतो. या कथाप्रकाराचे वर्णन सर्रास ‘विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा’ असे केले जाते, पण ते वरवरचे आहे. झगडा असतो तो कोणाचा पुरावा ग्राह्य धरायचा आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, यावर.

या परंपरेची पायाभूत कथा म्हणजे एम. आर. जेम्स यांची ‘कास्टिंग द रून्स’. ती १९११ साली त्यांच्या दुसऱ्या कथासंग्रहात प्रसिद्ध झाली. रून्स ही उत्तर युरोपातील जर्मानिक समाजांची जुनी लिपी असून तिची सरळ रेघांची, टोकदार अक्षरे लाकडावर आणि दगडावर कोरली जात, आणि या अक्षरांत मंत्रसामर्थ्य असते अशीही एक समजूत तिच्याभोवती होती. जेम्स (१८६२–१९३६) यांची खरी ओळख कथालेखक ही नव्हे. ते मध्ययुगीन हस्तलिखितांचे थोर जाणकार होते, केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाचे संचालक होते, पुढे किंग्ज कॉलेजचे आणि अखेरीस ईटन येथील विद्यालयाचे प्रमुख झाले, आणि केंब्रिजमधील महाविद्यालयांच्या हस्तलिखितसंग्रहांच्या त्यांनी सिद्ध केलेल्या वर्णनात्मक सूचींना अभ्यासकांत मोठा मान आहे. भूतकथा ते लिहीत त्या बहुधा नाताळात मित्रमंडळींना वाचून दाखवण्यासाठी. भुताने दुष्टच असावे, प्रसंग वाचकाच्या ओळखीच्या जगात घडावा आणि गूढविद्येच्या परिभाषेचा बडेजाव माजवू नये, ही त्यांची पथ्ये होती. सूचीकाराची सवय त्यांच्या कथनातही उतरली आहे: तारीख, पत्ता, कागदाची जात, अक्षरांचा रंग हे सारे ते बारकाईने सांगतात, आणि प्रत्यक्ष भूत मात्र अर्ध्या वाक्यात उरकतात.

‘कास्टिंग द रून्स’ची सुरुवात पत्रव्यवहाराने होते, आणि ती पत्रे नकाराची आहेत. कार्सवेल नावाच्या सधन गृहस्थाने किमयेच्या, म्हणजे हलक्या धातूचे सोने करण्याच्या विद्येच्या, सत्यतेवर लिहिलेला निबंध एका विद्वत्संस्थेच्या अधिवेशनासाठी पाठवलेला असतो. संस्था तो परत करते. कार्सवेल प्रत्यक्ष भेटीची मागणी करतो, ती फेटाळली जाते. मग निबंध कोणी नापसंत केला त्याचे नाव तो मागतो, आणि चिटणीस ते देत नाही. आलेले लेखन त्या विषयाच्या जाणकाराकडे मतासाठी पाठवायचे आणि त्या जाणकाराचे नाव लेखकाला कळू द्यायचे नाही, या पद्धतीला तज्ज्ञ-परीक्षण म्हणतात, आणि आजही विद्यापीठीय नियतकालिकांचा कारभार मुख्यतः तिच्यावरच चालतो. परीक्षकाला भीडभाड न बाळगता मत देता यावे, हा त्या गुप्ततेचा हेतू. जेम्स यांनी कथेतले भय नेमके या व्यवस्थेच्या फटीत रोवले आहे. नाव गुप्त असले तरी या विषयाचे जाणकार इंग्लंडात किती असणार, आणि ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात चौकशी केली की ते कळायला कितीसा वेळ लागणार, ही काळजी चिटणीस आपल्या पत्नीजवळ बोलून दाखवतो. परीक्षकाचे नाव एडवर्ड डनिंग. त्याचा गुन्हा एवढाच की त्याने एका निकृष्ट निबंधाला निकृष्ट म्हटले.

प्रतिकूल मत देणाऱ्यावर सूड उगवण्याचे काम कार्सवेलने पूर्वीही केले आहे. जादूटोण्याच्या इतिहासावरील त्याच्या ग्रंथाचे कठोर परीक्षण लिहिणारा जॉन हॅरिंग्टन १८८९ साली एका रात्री जिवाच्या आकांताने पळत जाऊन झाडावर चढला आणि फांदी मोडून खाली पडून मेला. त्या ग्रंथावरचे आक्षेप येथे लक्षात घेण्याजोगे आहेत, कारण ग्रंथातील मजकूर खोटा आहे असे कोणी म्हणत नाही. भाषा गचाळ आहे, आणि मध्ययुगीन संतचरित्रांतील चमत्कार, अभिजात पुराणकथा आणि आधुनिक मानववंशशास्त्रातील नोंदी हे सगळे लेखकाने एकाच मापाने मोजले आहे, साधनांची चाळणीच लावलेली नाही, असा तो आक्षेप आहे. हस्तलिखितांच्या अभ्यासात हयात घालवलेल्या लेखकालाच सुचावा असा हा विनोद आहे, आणि त्याला धारही आहे: कार्सवेलला विद्या खरोखर अवगत आहे, पण ती मांडण्याची रीत अवगत नाही, आणि विद्वानांचे जग रीत पाहते. पुढे डनिंग त्याच ग्रंथातले रून्स टाकण्याविषयीचे प्रकरण पुन्हा वाचतो, तेव्हा लेखकाने हे ऐकीव माहितीवरून लिहिलेले नाही हे त्याला उमगते. परीक्षकाला आपले परीक्षण जीव मुठीत धरून पुन्हा करावे लागते, याहून मार्मिक शिक्षा संशोधकासाठी कल्पिणे अवघड आहे.

डनिंगवरचा हल्ला पायरीपायरीने होतो. रात्री घरी परतताना ट्रामच्या खिडकीच्या काचेवर त्याला निळ्या अक्षरांतली एक जाहिरात दिसते. तीत जॉन हॅरिंग्टनचे नाव, मृत्यूची तारीख, आणि त्याला तीन महिन्यांची मुदत दिली होती एवढाच मजकूर असतो. अक्षरे काचेवर चिकटवलेली नसून काचेतच उमटलेली आहेत, हे कंडक्टरलाही दिसते. मग ब्रिटिश म्युझियमच्या हस्तलिखित विभागात डनिंगच्या टेबलावरचे कागद खाली पडतात, आणि शेजारून जाणारा एक स्थूल गृहस्थ ‘हे आपलेच ना?’ अशा अर्थाचे काहीतरी बोलून ते अदबीने त्याच्या हाती देतो. त्या कागदांत रून्स लिहिलेली एक पातळ चिठ्ठी आहे हे डनिंगला कितीतरी नंतर कळते. एका रात्री घरात नोकरचाकर नसताना तो उशीखाली हात घालतो आणि त्याच्या बोटांना एक तोंड लागते, दात असलेले आणि भोवती केस असलेले. एवढेच, जेम्स त्या जागी रेंगाळत नाहीत, वाचकच रेंगाळतो.

या कथेतील शापाचे कायदेशीर स्वरूप हा तिचा सर्वांत मौलिक भाग मानावा लागेल. चिठ्ठी लक्ष्याच्या खिशात गुपचूप सरकवून चालत नाही. ती त्याने आपल्या हाताने स्वीकारलेली असावी लागते, जसे न्यायालयाचे समन्स सामान्यतः पक्षकाराच्या हाती द्यावे लागते. आणि म्हणूनच ती परतही करता येते, अट एवढीच की मूळ मालकानेही ती तशीच, अजाणता का होईना, स्वतः स्वीकारली पाहिजे. मराठी वाचकाला करणीची कल्पना नवी नाही. तिठ्यावर टाकलेल्या उताऱ्यावर, म्हणजे पीडा उतरवून ठेवलेल्या लिंबू, नारळ, हळदकुंकवावर, चुकून पाय पडला तर ती पीडा पाय देणाऱ्याला लागते, आणि जाणत्याकरवी केलेली करणी करणाऱ्यावरच उलटवता येते, अशी समजूत गावोगाव आढळते. दोहोंतला फरक मात्र मोठा आहे. उतारा कोणाचाही बळी घेतो, जो ओलांडेल त्याचा. कार्सवेलची चिठ्ठी नावनिशीवार आहे, तिला तारीख आहे, आणि तिचे नियम वाचून, जुळवून, पडताळून पाहता येतात. त्यामुळे ज्याच्यावर ती सोडली आहे तो माणूस संशोधक असणे त्याच्या पथ्यावर पडते. डनिंग आणि मृत हॅरिंग्टनचा भाऊ हेन्री हे दोघे जुन्या घटनेची कागदपत्रे समोर ठेवतात. हॅरिंग्टनच्या हाती संगीताच्या मैफलीत परत आलेली कार्यक्रमपत्रिका, तिच्यातून निघालेली आणि वाऱ्याच्या झोताने आगीत जाऊन पडलेली चिठ्ठी, असा एकेक दुवा जोडतात आणि त्यावरून नियम काढतात. एका उदाहरणावरून नियम मांडायचा आणि दुसऱ्यावर तो तपासायचा, ही अस्सल संशोधनपद्धती आहे. फक्त दुसरे उदाहरण डनिंग स्वतः आहे.

त्यांचा प्रयोग लंडनहून डोव्हर बंदराकडे जाणाऱ्या गाडीत पार पडतो. कार्सवेल परदेशी निघालेला असतो, डब्यात त्याचे तिकिटांचे पाकीट खाली पडते, डनिंग त्यात चिठ्ठी सरकवून ते त्याच्यापुढे करतो आणि कार्सवेल आभार मानून घेतो. यानंतर जे घडते ते थरारकथेच्या रीतीला सोडून आहे. सुटलेला डनिंग अस्वस्थ होतो, ज्याने आपल्याला मारायला काढले त्यालाही सावध करायला हवे असे त्याला वाटू लागते, आणि कार्सवेल ज्या हॉटेलांत उतरण्याचा संभव आहे तेथे डनिंग आणि हेन्री तारा पाठवतात. तारांचा उपयोग होत नाही. फ्रान्समधील आबव्हिल येथे सेंट वुल्फ्रान चर्चच्या दर्शनी भागाची दुरुस्ती चालू असताना ती पाहत उभ्या असलेल्या एका इंग्रज प्रवाशाच्या डोक्यावर पराचीवरून दगड पडतो, आणि त्या क्षणी पराचीवर एकही कामगार नव्हता असे चौकशीत सिद्ध होते. हे वाक्य वर्तमानपत्रातल्या बातमीच्या कोरडेपणाने येते. पुराव्यांचा आग्रह धरणाऱ्या लेखकाने चौकशीच्या अहवालालाच भुताचा साक्षीदार केले आहे.

जेम्स यांनी हे कथानक कोणत्या हवेत रचले ते पाहिले, तर कार्सवेल हा निव्वळ कल्पनाविलास वाटत नाही. १८८२ साली, म्हणजे ज्या वर्षी जेम्स विद्यार्थी म्हणून किंग्ज कॉलेजात दाखल झाले त्याच वर्षी, लंडनमध्ये ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ ही संस्था स्थापन झाली. मृतात्मे, विचारसंक्रमण, झपाटलेली घरे यांविषयीचे दावे वैज्ञानिक पद्धतीने तपासणे हे तिचे उद्दिष्ट होते, आणि तिचे पहिले अध्यक्ष केंब्रिजचेच तत्त्वज्ञ हेन्री सिजविक होते. त्याच्याही आधी विल्यम क्रुक्स यांचे प्रकरण गाजले होते. १८६१ मध्ये थॅलियम या मूलद्रव्याचा शोध लावणारा हा रसायनशास्त्रज्ञ पुढे डॅनियल डंग्लस होम या माध्यमाच्या, म्हणजे मृतात्म्यांशी संपर्काचा दावा करणाऱ्या माणसाच्या, चाचण्या घेऊ लागला. तांब्याच्या तारा गुंडाळलेला पिंजरा टेबलाखाली ठेवून त्यात अ‍ॅकॉर्डियन हे वाद्य ठेवायचे आणि होमने एकाच हाताने त्याची पट्ट्यांच्या विरुद्ध बाजू धरलेली असताना ते वाजते का हे पाहायचे, असा त्यातला एक प्रयोग होता. या प्रयोगांवरचा क्रुक्स यांचा निबंध १८७१ मध्ये रॉयल सोसायटीने नाकारला, आणि त्यांनी आपले निष्कर्ष स्वतः संपादक असलेल्या नियतकालिकात छापले. होम हातचलाखी करत होता असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. तरीही क्रुक्स यांची पत गेली नाही. पुढे १९१३ मध्ये ते त्याच रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. नाकारलेल्या निबंधाच्या लेखकाने सूड घेण्याऐवजी काचनलिकांतील विद्युतविमोचनावर काम करत राहावे, हे विज्ञानाच्या इतिहासाचे सुदैव. कथालेखकाला मात्र कार्सवेलच हवा असतो.

याच कथेवरून १९५७ साली जाक तुर्नर यांनी ‘नाइट ऑफ द डेमन’ हा चित्रपट केला, आणि त्यात परीक्षकाच्या जागी मानसशास्त्रज्ञ आला. डॉ. जॉन होल्डन हा अमेरिकन प्राध्यापक कार्सवेलच्या पंथाची भोंदुगिरी उघडी पाडण्यासाठी लंडनच्या परिषदेला येतो, त्याचा इंग्रज सहकारी हॅरिंग्टन आधीच मरण पावलेला असतो, आणि ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात कार्सवेल त्याच्या पुस्तकांबरोबर चर्मपत्राची पट्टी त्याच्या हवाली करतो. बदल वरवर किरकोळ दिसतो, पण त्याने संघर्षाचे स्वरूपच पालटते. डनिंगने मत दिले होते. होल्डन तपास करतो आहे, पंथाच्या अनुयायांपर्यंत पोहोचतो आहे, आणि म्हणून तो कार्सवेलच्या अहंकाराला नव्हे तर त्याच्या उपजीविकेला आणि दरार्‍याला धोका आहे. नायल मॅक्‌गिनिस यांनी रंगवलेला कार्सवेल हाच या चित्रपटाचा प्राण आहे. गावातल्या मुलांसाठी विदूषकाचा वेश करून जादूचे खेळ दाखवणारा, आईच्या धाकात असलेला हा गोलमटोल गृहस्थ बोलता बोलता वादळ उठवतो, आणि नंतर आईजवळ कबूल करतो की अनुयायी जसे भीतीपोटी आपल्यामागे येतात तसेच आपणही भीतीपोटीच हे सारे करत आहोत. अंमल गाजवणाऱ्याची ही भीती जेम्स यांच्या कथेत नाही. ती पटकथेची कमाई आहे.

चित्रपटातील संमोहनाचा प्रसंग या संपूर्ण विषयाच्या दृष्टीने कळीचा ठरतो. पंथाचा रँड हॉबार्ट हा अनुयायी खुनाच्या आरोपाखाली असून भीतीने काष्ठवत झालेला आहे. परिषदेतील शास्त्रज्ञांसमोर त्याला औषध देऊन संमोहित केले जाते, आणि चर्मपत्र ज्याने दिले त्यालाच परत करावे लागते ही गोष्ट त्याच्या तोंडून बाहेर पडते. पण होल्डनच्या हातात तशीच पट्टी दिसताच, ही आता आपल्या गळ्यात मारणार अशा समजुतीने हॉबार्ट खिडकीतून उडी टाकून मरतो. होल्डनला हवी असलेली माहिती वैज्ञानिक प्रयोगातूनच मिळाली आणि तिची किंमत प्रयोगाच्या विषयाने मोजली, याबद्दल परिषदेतील कोणी जबाबदारी घेत नाही; चित्रपटही हा प्रश्न तेथेच सोडून, पट्टी कार्सवेलला परत करण्यासाठी, रेल्वे स्थानकाकडे धाव घेतो. तुर्नर यांच्या बाजूने सांगायचे, तर त्यांना अदृश्याचे भय जपायचे होते, आणि आरंभी व अखेरीस पडद्यावर दिसणारा अजस्र सैतान आपल्या इच्छेविरुद्ध घातला गेला असे ते पुढे सांगत राहिले. १९४२ मधील ‘कॅट पीपल’ पाहिलेल्या कोणालाही त्यांचे म्हणणे पटेल. तरीही सैतान सुरुवातीलाच दिसल्यामुळे एक लाभ अनपेक्षितपणे होतो: शंकेला जागा न उरलेला प्रेक्षक होल्डनच्या संशयवादाकडे चिडून पाहू लागतो, पुरावा मागणाऱ्या माणसाचा त्याला राग येतो, आणि जमाव संशोधकाकडे कोणत्या नजरेने पाहतो याचा अनुभव तो स्वतःच घेत असतो. अमेरिकेत हा चित्रपट ‘कर्स ऑफ द डेमन’ या नावाने बराच कापून दाखवला गेला, आणि हॉबार्टच्या कुटुंबाच्या शेतावरील भेट हा त्या काटछाटीचा एक बळी होता. कार्सवेलची दहशत खेड्यातील गरीब घरात कशी मुरली आहे हे त्याच प्रसंगात दिसते, म्हणून अभ्यासकाने लांब आवृत्तीच पाहावी.

नायजेल नील यांच्या दूरचित्रवाणी नाटकांकडे येथे ओझरते पाहता येईल. १९५८–५९ मधील ‘क्वाटरमास अँड द पिट’मध्ये वैरी मंत्रविद्या जाणत नाही, तो लष्करी गणवेशातला कर्नल आहे, जमिनीखाली सापडलेले यान म्हणजे जर्मनांचे जुने प्रचारास्त्र आहे असा हेका धरून बसलेला. २५ डिसेंबर १९७२ रोजी बीबीसीवर दाखवलेल्या ‘द स्टोन टेप’मध्ये तर वैरी म्हणून कोणाकडे बोट दाखवणेही कठीण जाते. नवे ध्वनिमुद्रण-माध्यम शोधणाऱ्या एका कंपनीच्या तंत्रज्ञांना जुन्या वाड्याच्या दगडी खोलीत एका स्त्रीची किंकाळी ऐकू येते, दगडानेच ती साठवून ठेवली असावी असे अनुमान निघते, आणि यंत्रांचा भडिमार करून ते मुद्रण आपल्या ताब्यात घेण्याच्या खटाटोपात वरचा थर पुसला जाऊन त्याखालचे फार जुने आणि फार भयंकर असे काही उघडे पडते. संगणकाचे काम करणाऱ्या जिल या तरुणीला हे एकटीला कळते, तिचे कोणी ऐकत नाही, ती मरते, आणि प्रमुख तिच्या नोंदी नष्ट करतो. कार्सवेल परका होता. येथे घात करणारा वरिष्ठ आहे.

मराठीत ही दोन पात्रे, संशोधक आणि मांत्रिक, एका कथेत समोरासमोर क्वचितच उभी राहिली, आणि याचे कारण साहित्यप्रकारांच्या वाटणीत सापडते. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथेला बळ दिले. जयंत नारळीकरांनी परिषदेच्या स्पर्धेसाठी १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. या धारेने वैज्ञानिक तर्काची चौकट कसोशीने पाळली आणि अलौकिकाला उंबऱ्याबाहेर ठेवले. दुसरीकडे नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयकथेला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला, आणि ते विज्ञानकथाही लिहीत असूनही त्यांच्या भयकथांतील अनिष्टाशी झुंजणारा सर्वांत लोकप्रिय नायक ‘समर्थ’ आहे, ज्याचे बळ साधनेचे आहे, प्रयोगशाळेचे नव्हे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांना माणसाच्या मनातला अंधारच पुरेसा असे. परिणामी बुद्धिवादी माणूस मराठी भयकथेत येतो तो बहुधा अखेरीस मान तुकवण्यासाठी. डनिंगसारखा, कागदपत्रे लावून आणि नियम काढून स्वतःचा जीव वाचवणारा परीक्षक आपल्याकडे रुजला नाही, ही उणीव मानायला हवी.

महाराष्ट्रात या कथाप्रकाराचे वाचन आणखी एका गोष्टीने बदलले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या माध्यमातून बुवाबाजी आणि करणी-भानामतीच्या दाव्यांची जाहीर तपासणी चालवली होती, त्यासाठी कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात फिरायला गेले असताना त्यांचा गोळ्या घालून खून झाला. त्या मृत्यूचे नाते एखाद्या रंजक कथानकाशी जोडणे अनुचित होईल. पण त्यानंतर होल्डनची कथा पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकाला तपास करणाऱ्याचा संशयवाद खोटा ठरवून मिळणारी गंमत पूर्वीइतकी निरागस वाटणार नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. जेम्स यांच्या कथेतून भूत वजा करून पाहावे: मेलेल्या परीक्षकाच्या नावाची जाहिरात, मृत्यूची कळवलेली मुदत, वाचनालयापर्यंत केलेला पाठलाग, हॅरिंग्टनला टपालाने आलेले, पाने फाडलेले पंचांग आणि भेसूर चित्र, एवढे सगळे शिल्लक राहते. माणसाला घराबाहेर पडणे नकोसे करायला तेवढे भरपूर आहे, आणि त्यासाठी रून्स येण्याची गरज नाही.

दाभोलकरांच्या खुनानंतर चारच दिवसांनी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाने त्याला कायद्याचे रूप दिले. नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणाऱ्या या अधिनियमाची रचना प्रस्तुत विषयाच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावी, कारण मंत्राने भूतपिशाच खरेच येते की नाही या वादात तो शिरतच नाही. त्याच्या अनुसूचीत, म्हणजे गुन्हा ठरणाऱ्या कृत्यांच्या जोडयादीत, मंत्राच्या साहाय्याने भुताखेतांना आवाहन करून किंवा तसे करण्याची धमकी देऊन लोकांत घबराट निर्माण करणे हे कृत्य स्वतंत्रपणे नोंदलेले आहे, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची व पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची आहे. कार्सवेल या कलमातून सुटणे कठीण होते. मूळ कथेत त्याने गावातल्या मुलांना घाबरवण्यासाठी दाखवलेले मॅजिक लँटर्नचे, म्हणजे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर चित्रे दाखवण्याचे, खेळच त्याला भोवले असते. डनिंगची फिर्याद मात्र टिकली नसती. ट्रामच्या काचेवरची अक्षरे नाहीशी झालेली, हॅरिंग्टनची चिठ्ठी आगीत गेलेली, आणि उरलेला एकमेव मुद्देमाल फिर्यादीने स्वतःच्या हाताने आरोपीच्या तिकिटांच्या पाकिटात घालून परदेशी रवाना केलेला.